सावकारांचा कालवा

सुरत शहराचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती इ. स. १६६४ च्या जानेवारीतील शिवाजी महाराजांची स्वारी. तापीच्या तीरावरील त्या श्रीमंत बंदराच्या लुटीची हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ती संपत्ती सुरतेत आली कोठून, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे वाट तापीच्या मुखातून निघते, अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरते आणि अखेर सुएझच्या वाळूपाशी येऊन थांबते. त्या वाळूत पुढे जो कालवा खणला गेला, त्याचा इतिहास म्हणजे परक्या पैशावर उभारलेल्या मोठ्या कामाचा इतिहास होय. अशा कामाने देशाला काय मिळते, देशाचे काय जाते आणि त्याची किंमत अखेर कोण चुकवतो, हे त्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच सुटत, म्हणून सुरतेला ‘बाब-उल-मक्का’ म्हणजे मक्केचे द्वार असे म्हणत. गुजरातचे सुती कापड आणि नीळ भरून सुरतेची जहाजे मोचा व जेद्दा या बंदरांना जात आणि तेथून सोन्यारुप्याची नाणी घेऊन परत येत. जेद्दाच्या पलीकडे उत्तरेचा वारा तोंडावर येई. त्यामुळे शिडाच्या मोठ्या जहाजांना सुएझपर्यंत पोहोचणे अवघड जाई. तेथून पुढचा माल मिसरच्या लहान नौका नेत आणि मग तो उंटांच्या पाठीवरून भूमध्य समुद्राकडे जाई. या साऱ्या व्यापाराचे भांडवल बव्हंशी सुरतेचेच होते. मुल्ला अब्दुल गफूर यांच्यासारखे जहाजमालक स्वतःचे तांडे तांबड्या समुद्रात पाठवीत, तर विरजी व्होरा यांच्यासारखे सराफ देशी व्यापाऱ्यांना आणि परदेशी कंपन्यांना सारख्याच तत्परतेने कर्ज देत.

इ. स. १६१३ मध्ये सुरतेत वखार घातलेली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ही विरजी व्होरा यांची वारंवारची ऋणको होती. म्हणजे त्या काळी सावकार सुरतेचा आणि कुळ लंडनचे, अशी स्थिती होती. तथापि १६६४ च्या स्वारीत एक विलक्षण गोष्ट घडली. विरजी व्होरांचा वाडा लुटला गेला. इंग्रजांची वखार मात्र जॉर्ज ऑक्झिंडेन याने बंदुका रोखून वाचवली. ज्याच्यापाशी पैसा होता त्याला संरक्षण नव्हते. ज्याच्यापाशी शस्त्र होते त्याची वखार शाबूत राहिली. पुढे १६९५ मध्ये बादशाही जहाज ‘गंज-ए-सवाई’ मोचाहून सुरतेस परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने भर समुद्रात लुटले, तेव्हाही हीच उणीव उघडी पडली. सुरतेच्या धनिकांनी जगाला कर्ज दिले. पण त्या कर्जामागे आरमार नव्हते. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला त्याच इंग्रज कंपनीच्या हाती गेला. सुरतेच्या सराफाचे कर्ज हा केवळ व्यवहार राहिला. पाठीशी तोफा असलेल्या सावकाराच्या हाती हेच कर्ज गेले म्हणजे त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी सुएझकडे वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकात वाफेचे जहाज आले आणि उत्तरेच्या वाऱ्याची धास्ती संपली. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून सुएझला पोहोचली. सुरतेच्या गलबतांना जो टप्पा अवघड जात होता तो आता सुकर झाला. पण तोवर सुरतेचे वैभव ओसरले होते आणि मान मुंबईकडे गेला होता. सुएझ आणि भूमध्य समुद्र यांमधील भूमीची पट्टी तेवढी उरली होती. तीतून कालवा काढावा ही कल्पना जुनीच होती. तिला मूर्त रूप दिले ते फर्दिनां द लेसेप्स या फ्रेंच मुत्सद्द्याने.

मिसरचा राज्यकर्ता सैद पाशा याच्याकडून लेसेप्सने १८५४ मध्ये कालव्याची सनद मिळवली. १८५८ मध्ये कंपनी उभी राहिली. प्रत्येकी ५०० फ्रँकचे ४ लाख भाग, असे एकूण २० कोटी फ्रँकचे भांडवल ठरले. फ्रान्सच्या मध्यमवर्गाने २ लाखांहून अधिक भाग घेतले. परंतु इंग्लंडने पाठ फिरवली आणि इतर देशांनीही फारसा उत्साह दाखवला नाही. उरलेले भाग घेण्याचा भार अखेर सैद पाशावर पडला आणि त्याच्या पदरी सुमारे १ लाख ७७ हजार भाग आले. कालवा झाल्यावर ९९ वर्षे त्याचा कारभार कंपनीकडे राहावयाचा होता आणि नफ्यातील १५ टक्के मिसरला मिळावयाचे होते. भूमी मिसरची, मजूर मिसरचे, जवळजवळ निम्मे भांडवलही मिसरचे. पण हुकूम पॅरिसचा, असा हा करार होता.

१८५९ च्या एप्रिलमध्ये खोदाईला आरंभ झाला. कामासाठी शेतकऱ्यांना वेठीला धरण्यात आले. दर महिन्याला सुमारे २० हजार माणसे गावोगावहून हाकून आणली जात आणि ती परतली की नवी तुकडी येई. या वेठबिगारीविरुद्ध इंग्लंडने मोठा गदारोळ केला. त्यात करुणेपेक्षा राजकारण अधिक होते. हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंचांचा कालवा होऊ नये, ही लंडनची खरी चिंता होती. तरीही त्या दडपणाचा परिणाम होऊन १८६४ मध्ये वेठ संपली, ही गोष्ट नाकारता येत नाही. मिसरच्या शेतकऱ्याची सुटका त्याच्या राजाने केली नाही की कालव्याच्या धन्याने केली नाही; दोन परक्या सत्तांच्या चुरशीत ती जणू अनवधानाने घडून आली.

आणि त्या सुटकेचीही किंमत लावली गेली. फुकटचे मजूर गेले म्हणून कंपनीने भरपाई मागितली. लवाद नेमला तो फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. म्हणजे ज्या देशाचे भागधारक त्याच देशाचा न्यायाधीश. त्याने मिसरला ८ कोटी ४० लाख फ्रँक देण्याचा हुकूम केला, त्यांपैकी ३ कोटी ८० लाख फ्रँक केवळ वेठ बंद केल्याबद्दल होते. आपल्याच प्रजेला वेठीतून सोडवल्याबद्दल एखाद्या राज्याने परक्या कंपनीला दंड भरावा, असे उदाहरण इतिहासात विरळाच सापडेल.

याच सुमारास सुरतेचे नाव पुन्हा एकदा जगाच्या बाजारात गाजू लागले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानचा कापूस तेथे जाऊ लागला. पश्चिम हिंदुस्थानच्या या आखूड धाग्याच्या कापसाला इंग्रज गिरणीवाले ‘सुरत’ म्हणत. तो कातताना वारंवार तुटे. म्हणून मजुरांच्या तोंडी हा शब्द हलक्या मालाची शिवी होऊन बसला. तरीही भाव इतके चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरावर सर्वांत उंच चढले ते मूळचे सुरतेचे प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यासह मुंबईच्या कितीतरी पेढ्या बुडाल्या.

त्याच पुरात मिसरचा नवा राज्यकर्ता इस्माइल पाशाही तरंगत होता. मिसरच्या लांब धाग्याच्या कापसालाही तेव्हा सोन्याचा भाव आला होता आणि त्या भरवशावर इस्माइलने युरोपच्या पेढ्यांकडून कर्जामागून कर्ज उचलले. मुंबईत भाव कोसळले तेव्हा व्यापारी दिवाळखोर ठरले. मिसरमध्ये कोसळले तेव्हा हळूहळू राज्यच दिवाळखोरीकडे निघाले. इस्माइल गादीवर आला तेव्हा सुमारे ३० लाख पौंडांच्या घरात असलेले परकी कर्ज तेरा वर्षांत ९ कोटी पौंडांच्या वर गेले. त्यात कालव्याचा खर्च होता, रेल्वे आणि पाटबंधाऱ्यांचा होता, तसाच राजवाड्यांचा आणि समारंभांचाही होता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा मोठ्या थाटाने खुला झाला. त्या सोहळ्यासाठीही पैसा उसनाच होता.

पुढील घटना सावकारी खतावणीतील नोंदींप्रमाणे एकामागून एक येतात. १८७५ मध्ये पैशाची तंगी असह्य होऊन इस्माइलने आपले भाग विकावयास काढले. इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायली याने रॉथशिल्डच्या पेढीकडून ४० लाख पौंड उचलून ते तत्काळ विकत घेतले. गंमत अशी की त्या भागांवरील नफ्याचा हक्क इस्माइलने १८९५ पर्यंत आधीच गहाण टाकला होता. म्हणून भाग विकल्यावरही तोवर दरसाल ५ टक्के व्याज इंग्लंडला देण्याचे त्याने कबूल केले. १८७६ मध्ये मिसरचा जमाखर्च परकी सावकारांच्या मंडळाकडे गेला. १८७९ मध्ये इस्माइलला गादीवरून दूर करण्यात आले. १८८० मध्ये नफ्यातील मिसरचा १५ टक्क्यांचा हक्कही २ कोटी २० लाख फ्रँकांना विकला गेला. याविरुद्ध उराबी पाशाच्या नेतृत्वाखाली देशाभिमानाची लाट उसळली, तेव्हा १८८२ मध्ये इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि इंग्रजी फौज मिसरमध्ये उतरली. जो कालवा होऊ नये म्हणून इंग्लंड झटले, त्याच कालव्याच्या रक्षणासाठी आता ते तेथे ठाण मांडून बसले.

या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. त्या सुएझला उतरल्या, तेल-अल-कबीरच्या लढाईत लढल्या आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भार हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडला. कालव्याने मुंबई आणि लंडन यांमधील अंतर सुमारे साडेचार हजार सागरी मैलांनी कमी केले. त्याचा लाभ मुंबईच्या गोदीला झाला, कापसाच्या निर्यातीला झाला, इंग्रज जहाजकंपन्यांना झाला. सुरतेच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. १८६४ मध्ये सुरत आणि मुंबई रेल्वेने जोडली गेली होती आणि तापीच्या खोऱ्यातील माल गाडीने मुंबईकडे जाऊ लागला होता. ज्या समुद्रमार्गावर एकेकाळी सुरतेचे स्वतःचे जहाज, स्वतःचे भांडवल आणि स्वतःचा माल होता, त्यावर आता जहाज इंग्लंडचे, कालवा फ्रेंच कंपनीचा आणि सुरतेचे केवळ नाव, तेही कापसाच्या गासडीवर, अशी अवस्था झाली.

हा डाव उलटला तो १९५६ साली. नाईल नदीवर आस्वान येथे मोठे धरण बांधण्यासाठी अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक यांनी कर्ज देऊ केले होते. राजकीय मतभेद वाढताच १९ जुलै १९५६ रोजी अमेरिकेने ते मागे घेतले. पंडित नेहरू युगोस्लाव्हियातील ब्रियोनी बेटावर मार्शल टिटो आणि नासर यांना भेटून त्याच सुमारास नासर यांच्यासह कैरोकडे येत होते. २६ जुलै रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी त्या शरदात आक्रमण केले. पण या वेळी १८८२ ची पुनरावृत्ती झाली नाही. लंडनच्या परिषदेत कृष्ण मेनन यांनी कालव्यावर परकी नियंत्रण लादण्यास विरोध केला होता. युद्ध थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत हिंदी सैनिक गेले. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी सावकारांच्या बाजूने ज्या भूमीवर हिंदी पलटणी उतरल्या, तेथेच आता स्वतंत्र भारताचे सैनिक शांततेसाठी उभे राहिले. भागधारकांना ठरलेली भरपाई मिसरने १९६३ च्या आरंभापर्यंत फेडली, आणि १९५९ मध्ये त्याच जागतिक बँकेने त्याच कालव्याच्या सुधारणेसाठी मिसरला ५ कोटी ६५ लाख डॉलरांचे कर्ज मंजूर केले. मालक बदलला तेव्हा सावकाराची भाषाही बदलली.

परक्या पैशाच्या कालव्याचा हा प्रश्न पुढे सुरतेच्या शेजारीही येऊन उभा राहिला. तापीवर काक्रापार येथील बंधारा पहिल्या पंचवार्षिक योजनेत झाला आणि सुरत जिल्ह्याच्या शेतांत पाणी खेळू लागले. परंतु सुरतेच्या ईशान्येस नर्मदेवर नवागामजवळ जे सरदार सरोवर योजिले होते, त्याचा पसारा फार मोठा होता. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा झाला. गुजरातला ९० लाख एकर-फूट, राजस्थानला ५ लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख एकर-फूट पाणी ठरले. विजेतील महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के होता. धरणापासून राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटरचा मुख्य कालवा योजिला गेला. १९८५ मध्ये जागतिक बँकेने धरण आणि कालवा यांसाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले.

या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे जावयाची होती. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या कुशीतली ही आदिवासींची गावे. मणिबेली हे त्यांतील अगदी पुढचे. गुजरातला पाणी, मध्य प्रदेशाला आणि महाराष्ट्राला वीज, राजस्थानला कालव्याचे टोक. परंतु मणिबेलीच्या शेतकऱ्याला काय, हा प्रश्न नर्मदा बचाव आंदोलनाने देशापुढे आणि जगापुढे मांडला. जपानने यंत्रसामग्रीसाठी देऊ केलेले कर्ज १९९० मध्ये थांबवले. जागतिक बँकेला १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटले, की तत्कालीन परिस्थितीत विस्थापितांचे योग्य पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने या कामापासून मागे सरावे. बँकेने पुनर्वसनासाठी मुदतबंद अटी घातल्या. १९९३ च्या मार्चअखेर भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नको असल्याचे बँकेला कळवले.

येथे सुएझ आणि नर्मदा यांतील भेद पाहण्यासारखा आहे. मिसरच्या पाशाला सावकाराला ‘नको’ म्हणता आले नाही. कारण सावकारामागे आरमार होते आणि पाशाच्या मागे प्रजा नव्हती. भारताला ‘नको’ म्हणता आले, हे स्वातंत्र्याचे फळ होय आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु भेदाइतकेच साम्यही विचार करावयास लावणारे आहे. मिसरच्या वेठबिगाराचे गाऱ्हाणे जगाने ऐकले ते परक्या सत्तांच्या चुरशीमुळे. मणिबेलीचे गाऱ्हाणे दूरच्या दरबारात पोहोचले तेही कर्ज परके होते म्हणूनच. कर्ज नाकारल्याने देशाचा मान राहिला. पण त्याचबरोबर बाहेरून प्रश्न विचारणारा एक अधिकारी आवाजही गेला. यानंतर तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी सर्वस्वी देशाच्या न्यायालयावर, विधिमंडळांवर आणि लोकमतावर आली. १९९४ मध्ये आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९५ मध्ये धरणाची वाढ काही काळ थांबली आणि १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने बांधकामास पुन्हा वाट मिळाली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्ण उंचीचे धरण राष्ट्राला अर्पण झाले.

पैसा पुढे देशातच उभा केला गेला. १९९३ च्या अखेरीस निगमाने ३,६०० रुपयांचे रोखे काढले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याबद्दल १ लाख ११ हजार रुपये देण्याचे वचन दिले. हे व्याज डोईजड होऊ लागताच २००८ मध्ये गुजरातने कायदा करून मुदतीपूर्वीच रोखे परत घेण्याचा अधिकार मिळवला. मिसरनेही २०१५ मध्ये कालव्याचा विस्तार केला तेव्हा परक्या दाराशी न जाता आपल्याच नागरिकांकडून ६४ अब्ज मिसरी पौंड अवघ्या आठ दिवसांत जमवले, तेही १२ टक्के व्याजाने. घरचे कर्जही कर्जच असते आणि तेही फेडावेच लागते. फरक एवढाच, की घरच्या सावकाराला आपल्या राज्यावर तोफा डागता येत नाहीत; किंबहुना राज्यच त्याची मुदत कायद्याने आवरू शकते.

म्हणून परका पैसा वाईट आणि स्वकीय पैसा चांगला, असा सोपा निष्कर्ष इतिहास काढू देत नाही. सुरतेच्या सराफांनी इंग्रजांना कर्ज दिले, पण त्यामुळे लंडनवर सुरतेचे राज्य आले नाही. फ्रेंच आणि इंग्रज सावकारांनी मिसरला कर्ज दिले आणि मिसरचे स्वातंत्र्य पाऊण शतक गहाण पडले. कर्ज देणाऱ्याची शक्ती, कर्ज घेणाऱ्याचा विवेक आणि कराराच्या अटी या तिन्हींवर सारे अवलंबून असते. आज सुवाळीच्या जुन्या धक्क्याशेजारी हजीरा येथे प्रचंड जहाजे लागतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि कित्येक जहाजांना आफ्रिकेचा वळसा घालावा लागला, तेव्हा दूरच्या एका कालव्यावर येथील व्यापाराचे किती अवलंबून आहे, याची पुन्हा प्रचीती आली.

कालवा खणला जातो तेव्हा नकाशावर एक निळी रेघ उमटते आणि सारे तिच्याचकडे पाहतात. त्या रेघेखालची भूमी कोणाची, ती खणणारे हात कोणाचे आणि तिच्यावरचा हुकूम कोणाचा, हे प्रश्न पैसा कोणाचा या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. मिसरच्या पाशाने ते वेळीच विचारले नाहीत आणि त्याची किंमत त्याच्या शेतकऱ्यांनी चुकवली. स्वतंत्र देशात ते विचारण्याचे काम परक्या सावकारावर सोपवून चालत नाही. तो आपल्या हिताने बोलतो आणि आपल्या हिताने गप्प बसतो. पाणी ज्याच्या शेतात जाते आणि ज्याचे शेत पाण्यात जाते, त्या दोघांचाही जमाखर्च एकाच वहीत मांडणे, हे ज्या राज्याला साधेल त्याचाच कालवा खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचा म्हणता येईल.